आमच्या कुत्र्यामांजरांच्या औषधपाण्याचा आकडा आधी सांगा : पशुसंवर्धन खात्याला आणि डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
पशुसंवर्धन खात्याचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले सगळे साहेब लोक,
आणि दोन्ही जिल्ह्यांत स्वतःचा दवाखाना चालवणारे आमचे पशुवैद्यक डॉक्टर,

नमस्कार.

विषय एकच आहे, दर. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर लाळ्याखुरकूतचं पोस्टर असतं, कृत्रिम रेतनाचं असतं, कधीचं तरी फाटलेलं शेळीपालनाचं असतं, पण कुत्र्याला रेबीजची लस टोचायचे किती, टाके घालायचे किती, मांजरीचं ऑपरेशन केलं तर किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सलूनवाला दर लावतो, झेरॉक्सवाला लावतो, चहाच्या टपरीवरसुद्धा कटिंगचा रेट असतो. माणसांच्या खाजगी हॉस्पिटलांना तर २०२१ साली महाराष्ट्रात नियमच आला की दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावा. लावतात किती जण ते सोडा, पण नियम तरी आहे, बोट दाखवायला काहीतरी आहे. जनावरांच्या बाबतीत मात्र सगळा मामला 'घेऊन या, बघू' वर चालतो, आणि ह्या 'बघू' ला आमच्याकडची माणसं जाम घाबरतात.

आता आधीच एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शहरातून आलेला, कुत्र्याला स्वेटर घालणारा कोणीतरी दिसतोय. मी देवगड तालुक्यातला आहे. आमच्याकडे कुत्रं म्हणजे कामाचा गडी. हापूसच्या बागेत वानरांची टोळी उतरली की पहिला आरडाओरडा तोच करतो, रात्री गोठ्यामागे बिबट्या फिरला की घरात आधी त्याच्यामुळे कळतं (आणि बरेचदा बिबट्या त्यालाच उचलतो, तो भाग वेगळा), आई एकटी घरात असली की पडवीत तो असतो म्हणून आम्ही निवांत बाजाराला जातो. मांजर उंदीर धरते म्हणून भात शिल्लक राहतो. तरी सरकारी दवाखान्यात कुत्रं नेलं की समोरच्याचा चेहरा असा होतो जणू आपण त्यांचा टाइम खातोय. गाय, म्हैस, शेळी आधी, हे आम्हाला मान्य आहे, पोट त्यावर चालतं. पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून जी २१ वी पशुगणना सुरू झाली तिच्यात गुरांबरोबर कुत्रीपण मोजायची होती ना, मग मोजायला चालतात तर दराच्या बोर्डवर दोन ओळी त्यांच्यासाठी का नाहीत?

आता खरं कारण सांगतो हे पत्र लिहायचं.

आमच्या वाडीत एक खलाशी आहे, ट्रॉलरवर जातो. त्याचा गावठी कुत्रा, चांगला धिप्पाड, पावसाच्या तोंडावर खायचा बंद झाला. अंग गरम, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, कानात गोचिडांची रांग. वाडीतल्या पोरांनी सांगितलं डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, "माका म्हाईत हा, पंधरा-वीस हजार सांगतले, खयसून आणू?" हा पंधरा-वीस हजाराचा आकडा त्याला कुठल्याही डॉक्टरने सांगितला नव्हता. कुणीतरी मुंबईच्या पाव्हण्याने आपल्या लॅब्राडोरचं बिल सांगितलेलं, ते ह्याच्या डोक्यात बसलेलं. बोटी बंद, १ जूनपासून मासेमारीला बंदी, घरात पैशाची आवक शून्य. त्याने हळद लावली, तेल लावलं, आणि थांबला. कुत्र्याच्या नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा रिक्षा करून नेला, तोपर्यंत प्लेटलेट इतक्या खाली गेलेल्या की डॉक्टर म्हणाले आता रक्त चढवावं लागेल, ते इथे होत नाही.

गोचीड ताप लवकर धरला तर काय लागतं हो? तपासायची फी, एक रक्ताची टेस्ट, आणि बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिनचा तीन-चार आठवड्यांचा कोर्स, जी गोळी माणसांनाही देतात आणि मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. म्हणजे त्याच्या डोक्यातल्या आकड्याच्या कितीतरी खाली. तो पैशाअभावी थांबला असं सगळे म्हणतात, मी म्हणतो तो आकडा माहीत नसल्यामुळे थांबला. भिंतीवर नुसतं 'तपासणी इतके, रक्ताची टेस्ट इतके' असं लिहिलेलं असतं आणि ते त्याने शेळी दाखवायला गेला असताना कधीतरी वाचलेलं असतं, तर तो पहिल्याच आठवड्यात उठून गेला असता. असे बरेच आहेत आमच्याकडे. कुत्र्याक कसलो डॉक्टर म्हणणारे म्हातारे सोडून देऊ, ते बदलणार नाहीत, पण ज्यांना न्यायचंय आणि खिशाचा अंदाज येत नाही म्हणून जे घरी बसतात त्यांचं काय?

डॉक्टरांच्या बाजूने पण बोलतो, कारण आमच्याकडे लगेच सुरू होतं की डॉक्टर लुटतात. मला तसं वाटत नाही. कुत्र्याला लावायचं सलाईन, सुई, भूल, टाक्यांचा दोरा, एक्स-रेचं मशीन, हे सगळं माणसाच्या दवाखान्यासारखंच विकत आणावं लागतं. माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं म्हणून आपल्याला औषधाचा खरा भाव कधी कळतच नाही, तो पहिल्यांदा कळतो कुत्रं आजारी पडल्यावर, आणि आपण ओरडतो. त्यात पेशंट बोलत नाही, चावतो, धरायला दोन माणसं लागतात, रात्री दोनला फोन येतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही, पशुवैद्यकाच्या उपचाराच्या सेवेवर जीएसटी नाही, पण दुकानातून पाकिटातलं डॉगफूड आणता त्यावर १८ टक्के आहे. पाकीट आणताना कोण कुरकुरत नाही, बघा. डॉक्टरने तीनशे सांगितले की मात्र "काय वो, निसता हात लावल्यात". आपल्यातलेच काही दीडशहाणे तर व्हॉट्सॲपवर उलटीचा फोटो पाठवतात, "डॉ. काय देऊ?" एवढंच, ना वय, ना वजन, आणि डॉक्टरने फी सांगितली की मेसेज वाचून गप्प. माझं तर म्हणणं आहे बोर्डवर फोनवरच्या सल्ल्याची फीपण लिहा, जीपेचा क्यूआर चिकटवा आणि मोकळे व्हा.

पण डॉक्टर, तुमच्याकडूनपण एक होतं. तुम्ही बिल शेवटी सांगता. एका दवाखान्यात (नाव घेत नाही, गरज नाही) माझ्यासमोर एक बाई पिल्लू घेऊन आलेली, तीन दिवस सलाईन चाललं, रोज विचारायची किती झाले, रोज उत्तर "होऊ दे बरं, मग बघू". चौथ्या दिवशी जो आकडा आला तो ऐकून ती बाकावर बसली ती उठेना. पिल्लू बरं झालेलं, तिला आनंदसुद्धा करता येईना. डॉक्टरचा हेतू चांगला होता, पैशाचं बोलायला त्यांना लाज वाटत असणार, कोकणातला माणूस आहे, पैशाचा विषय तोंडावर काढत नाही. पण ती लाज शेवटी तिच्या अंगावर आली.

म्हणून खाजगी डॉक्टरांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. मोठ्या केसला केसपेपरच्या मागे तीन आकडे लिहून द्या. आजचे किती, बरं व्हायला आणखी काही दिवस लागले तर साधारण किती, आणि वाईटात वाईट झालं तर कुठपर्यंत जाईल. चौथी गोष्ट आकड्यात नाही सांगता येत पण तोंडी सांगा, वाचायचे चान्स किती. ही चौथी गोष्ट तुम्ही बहुतेक टाळता. पार्व्हो (पिल्लांना होणारा विषाणूचा आजार) झालेलं पिल्लू आलं, रक्ताची हगवण, उलट्या, तर सलाईनवर बरेच दिवस ठेवावं लागतं आणि तरी काही जातात, हे तुम्हाला पहिल्या मिनिटाला माहीत असतं. आम्हालाही सांगा ना. म्हातारं कुत्रं, किडनी गेलेली, रोज सलाईन लावून आणखी किती ओढायचं, की शांत झोपवायचं, हा निर्णय आम्हीच घेणार आहोत, रडत घेऊ पण घेऊ, फक्त अंधारात घ्यायला लावू नका. पैसे जातात त्याचं एवढं नाही वाटत, पैसे जाऊन काही होणार नव्हतं हे नंतर कळलं की माणूस कायमचा तुटतो आणि पुढचं कुत्रं आणलं तर त्याला डॉक्टरकडे नेतच नाही.

आता आमच्या साइडचं. बजेट बजेट म्हणतात ते आम्ही कसं करायचं? शहरातल्या नोकरीवाल्याला महिन्याला पगार येतो, तो दर महिन्याला हजार बाजूला टाकतो, विषय संपला. कोकणात तसं नाही. आमचा पैसा एप्रिल-मेला येतो, आंब्याचा, काजूचा. मासेवाल्याचा मेअखेर थांबतो. आणि कुत्र्यामांजराचा खर्च येतो तो नेमका जूननंतर. पाऊस पडला की गोचीड, ओल्याने कातडीला बुरशी, कानात पू, शेतातल्या पाण्यातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बिळातून निघालेले साप. म्हणजे खिसा रिकामा आणि बिल मोठं, दोन्ही एकाच वेळेला. तेव्हा आमच्याकडे कुत्र्याचं बजेट करायचा महिना एकच, मे. आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या की त्यातले थोडे त्याच्या नावाने बाजूला काढायचे, आणि लसी, जंताची गोळी, गोचिडाचं औषध हे सगळं पावसाच्या आधी उरकून टाकायचं.

लेप्टोचं जरा जास्त सांगतो कारण त्यात माणसंही येतात. उंदराच्या लघवीतून पाण्यात जातो, भातलावणीला पायाला जखम असली की माणसालाही होतो, आपल्या दोन्ही जिल्ह्यांना हे शिकवायला नको. कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून पुढे जाऊ शकतो. नाइन-इन-वन म्हणून जी लस येते तिच्यात लेप्टो असतोच, पण पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात मध्ये काही आठवडे ठेवून, नुसता एक टोचून भागत नाही. म्हणजे जूनमध्ये आठवण झाली तर उशीर झाला. सुरुवात एप्रिलला.

आणि गोचीड. आमच्या खाली दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडताप (गोचिडीतून माणसांना होणारा ताप) येतोय, त्याच्या गोचिडी जंगलातल्या वेगळ्या, पण त्यामुळे निदान गोचीड हा शब्द ऐकला की लोक आता ऐकून तरी घेतात. कुत्र्याच्या अंगावर चिकटून राहतात त्या घरातच, भिंतीच्या फटीत अंडी घालतात, म्हणून नुसत्या वेचून काढून संपत नाहीत. आता चघळायची गोळी मिळते, एक दिली की महिना किंवा तीन महिने चालते. महाग आहे. मध्यम कुत्र्याला तीन महिन्यांची म्हणजे दीड-दोन हजाराच्या घरात जाते, गावातल्या माणसाला ती जड आहे, मी नाकारत नाही. त्यापेक्षा स्वस्त म्हणजे मानेवर सोडायचं औषध, काही शे रुपयांत. नाहीतर निदान पावसाळ्यापुरती तरी गोळी द्या आणि बाकी वर्ष औषधावर काढा, डॉक्टरला विचारून. एक मात्र कराच, कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर मरूही शकतं. तसंच मांजराला क्रोसिन नाही, कुत्र्याला कॉम्बिफ्लाम नाही. आमच्याकडे ताप आला की घरातली गोळी अर्धी करून द्यायची पद्धत आहे, आणि ती अर्धी गोळी पुढच्या बिलाचं मूळ ठरते.

वर्षाचा हिशोब मांडायचा तर माझ्या अंदाजाने, म्हणजे मी जे देतो आणि आजूबाजूला ऐकतो त्यावरून, एका धडधाकट मध्यम गावठी कुत्र्याला वर्षाची लस, रेबीज, जंताच्या गोळ्या, आणि गोचिडाचं साधं औषध मिळून अडीच-तीन हजारात भागतं, चघळायची गोळी वर्षभर धरली तर नऊ-दहा हजारावर जातं. पिल्लाचं पहिलं वर्ष महाग, कारण सहा-आठ आठवड्यांचं झालं की लस सुरू, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. फुकट मिळालं म्हणून पिल्लू उचलून आणणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. पार्व्होचा विषाणू खळ्यातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून ज्या अंगणात एक पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणलं आणि तेही गेलं, असं आमच्याकडे घरोघरी झालंय, आणि लोक म्हणतात घराला लाभत नाही. लाभत नाही काय, लस दिली नाही.

अचानकचे खर्च वेगळे. मादीचं ऑपरेशन करून घेतलं नाही तर माजावर येऊन गेल्यावर महिन्या-दीड महिन्याने गर्भाशयात पू होऊ शकतो, मग तेच ऑपरेशन रात्री, तापात, सलाईन आणि अँटिबायोटिकसकट करावं लागतं, खर्च दुप्पट-तिप्पट आणि जिवाचा धोका वेगळाच. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो, तो वाळूच्या डब्यात बसून कळ काढतोय आणि आपण म्हणतो पोट साफ होत नसेल. फुरसं चावलं, घोणस चावली, तर माणसाला देतात तीच सापाची लस कुत्र्याला लागते, एक व्हायल पुरेलच असं नाही आणि वेळेवर मिळेलच असंही नाही. आणि हाड मोडलं, रॉड टाकायचा झाला, सोनोग्राफी चांगल्या मशीनवर करायची झाली की आमच्या डॉक्टरचं एकच वाक्य, "वर न्या नाहीतर खाली न्या". वर म्हणजे घाट चढून कोल्हापूर, करूळ घाट बंद असेल तर फोंडा घाटाने, खाली म्हणजे गोवा. मोठंच असलं तर साताऱ्याकडचं शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज नाहीतर मुंबईतलं परळचं. गाडीभाडं, राहणं, बुडालेली मजुरी, हे उपचाराच्या बिलात कुठे दिसत नाही पण बरेचदा तेच बिलापेक्षा मोठं होतं. म्हणून बजेटमध्ये गाडी वेगळी धरा. आमच्या वाडीत ओमनीवाला आहे, तो कुत्र्याला घेतो, बाकीचे सीट खराब होते म्हणून नाही म्हणतात, त्याचा नंबर आणि कोल्हापूरचं त्याचं भाडं मी आधीच विचारून ठेवलंय.

विमा निघालाय हल्ली काही कंपन्यांचा, कुत्र्यांचा. वाईट नाही, पण लसीचं कार्ड मागतात, वयाची अट असते, पहिले काही दिवस क्लेम चालत नाही, आणि लसी-नसबंदीसारखा ठरलेला खर्च सहसा देत नाहीत. गावठी कुत्र्याला कुठली पॉलिसी बसते ते एजंटला नीट विचारा. मला आमच्याकडे त्यापेक्षा भिशी जास्त चालेल असं वाटतं. दहा घरांनी महिन्याला दोनशे काढले तर महिन्याला दोन हजार जमतात, वर्षाला चोवीस हजार, ज्याच्या घरी संकट त्याने आधी उचलायचे आणि मग हप्त्याने फेडायचे. बायकांच्या बचत गटांना हे सांगायला नको, त्या आपल्यापेक्षा हुशार आहेत हिशोबात.

आता खात्याच्या साहेबांनो, तुमच्याकडे.

२०२२ ला गुरांना लम्पी हा त्वचेचा रोग आला तेव्हा तुमची माणसं गोठ्यागोठ्यात जाऊन फुकट लस टोचून आली, पावसात, चिखलात. तुम्हाला करायचं ठरलं की करता येतं हे आम्ही बघितलंय. म्हणून हक्काने मागतो. प्रत्येक सरकारी दवाखान्याबाहेर एक बोर्ड लावा. डॉक्टर कुठल्या वारी कुठे असतात (एकेका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखान्यांचा चार्ज असतो हे आम्हाला कळतं, त्यांची चूक नाही, पण वीस किलोमीटर येऊन कुलूप बघायचं हे पण बरोबर नाही), केसपेपरची फी किती, कुत्र्यामांजराला काय काय होतं आणि काय होत नाही, रेबीजची लस आज शिल्लक आहे का. १९६२ ह्या नंबरवर फोन केला तर फिरता दवाखाना कुत्र्यासाठी येतो का, आला तर किती घेतो, हेपण त्याच बोर्डवर. जे होत नाही ते नाही म्हणून लिहा, आम्ही भांडणार नाही, दुसरीकडे जाऊ.

रेबीजची लस कुत्र्यांना फुकट, निदान वर्षातून एकदा गावोगाव. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी शहरात कॅम्प होतो, फोटो येतो. आमच्या वाडीपर्यंत येऊ दे की. केंद्राने २०२१ मध्ये आराखडा काढलाय, २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा. आणि साधा हिशोब बघा, कुत्रं चावलं की सरकारी दवाखान्यात माणसाला चार-पाच इंजेक्शनं फुकट द्यावी लागतात, जखम खोल असेल तर वरून सीरम, ते आणखी महाग. कुत्र्याची वर्षाची एक लस त्यापुढे काहीच नाही. पैसा सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात वाचतो, फक्त खाती वेगळी आहेत म्हणून कुणाला दिसत नाही.

नसबंदीसाठी प्रत्येक तालुक्यात महिन्यातला एक वार ठरवा, फी घ्या, पण ठरलेली आणि लिहिलेली. मच्छी मार्केटमागे पोत्यात बांधून पिल्लं सोडली जातात ती कोण सोडतो? वाईट माणसं नाही, ज्यांना ऑपरेशन कुठे होतं आणि कितीला होतं हे कळत नाही ती माणसं. जनावर असं सोडून देणं प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्यांदा धरला तर दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. पन्नास रुपयांत देवगडात आता एक पापलेटचा तुकडापण येत नाही, त्याने कोण घाबरणार.

औषधांचं पण बघा. मार्च २०२५ मध्ये केंद्राने पशुऔषधी म्हणून जनावरांच्या स्वस्त जेनेरिक औषधांची सोय मंजूर केली, ७५ कोटींची तरतूद, किसान समृद्धी केंद्रं आणि सहकारी संस्थांमार्फत विकायची. आमच्याकडे सोसायट्या भरपूर आहेत, खताच्या पोत्यांच्या शेजारी एक कपाट सहज मावेल. ते आमच्या तालुक्यात कधी आणि कुठल्या सोसायटीत, एवढं कळवा. तोपर्यंत डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहावं, जिथे माणसांचं जेनेरिक चालतं तिथे तसं सांगावं.

आणि हे पत्र वाचणाऱ्या चाकरमान्यांना दोन शब्द, तुम्ही पण ह्यात आहातच. बंगला बांधता, राखणीला हस्की नाहीतर जर्मन शेफर्ड आणून ठेवता, आणि महिन्याला तांदळाचे आणि कोंबडीच्या पायांचे पैसे राखणदाराला पाठवता. ते कुत्रं आजारी पडलं की तो बिचारा तुम्हाला फोन लावतो, तुम्ही मीटिंगमध्ये, तो स्वतःच्या मजुरीतून घालतो किंवा घालत नाही. गणपतीला आलात की जवळच्या डॉक्टरकडे जाऊन दोन-तीन हजार ॲडव्हान्स जमा करून ठेवा आणि सांगा, एवढ्यापर्यंत मला न विचारता करा. डॉक्टर तयार होतात, मी विचारलंय.

आणखी एक, डॉक्टर नाहीत म्हणून गावात जे कोणी 'इंजेक्शनवाले' फिरतात, आधी कंपाउंडर होते, आता सगळंच करतात, त्यांचा बंदोबस्तही तुमच्याच हातात आहे साहेब. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाने करायचे. ते शंभर रुपयांत स्टेरॉइड मारतात, कुत्रं दोन दिवस उड्या मारतं, मग कोसळतं, आणि मग आम्ही खऱ्या डॉक्टरकडे जातो तेव्हा शंभराचे पाच हजार झालेले असतात. पण लोक त्यांच्याकडे जातात का? कारण तो दारात येऊन आधी सांगतो, शंभर.

बोर्ड रंगवायला निधी नाही असं कळवू नका प्लीज. आमच्याकडे गाड्यांचे नंबर रंगवणारा पेंटर आहे, पत्रा मी देतो, मजुरी वाडीतून काढू. तुम्ही फक्त मजकूर आणि आकडे सही-शिक्क्यासकट पाठवा, आणि जमलं तर मार्चअखेर पाठवा, म्हणजे एप्रिलच्या लसींना लोक तो वाचून येतील.

आपला,
देवगड तालुक्यातला एक बागायतदार, एक कुत्रा आणि दोन मांजरींचा पालक